आधी इंटरनेट बंद करा, मग बिल्ड करा

'डेबियनवाले उगाच सोवळं पाळतात,' हे वाक्य आमच्या क्षेत्रात नेहमी ऐकू येतं. राग आहे त्यांच्या एका नियमावर: पॅकेज बिल्ड होत असताना नेटवर्कला हात लावायचा नाही. कंपायलर, लायब्ररी, टेस्टचं टूल, जे जे लागेल ते आधीच 'बिल्ड-डिपेंड्स'मध्ये नावानिशी लिहायचं. एखादं नाव राहिलं की कोऱ्या सिस्टिमवर बिल्ड फुटलंच. तुमच्या लॅपटॉपवर ते चाललं होतं, याला तिथे काडीची किंमत नाही.

मला हे सोवळं मान्य आहे. सोडलंय ते बाकीच्यांनी, आणि त्याला ते 'स्पीड' म्हणतात.

एक कमांड मारायची, शेकडो पॅकेजेस धो धो उतरू द्यायची आणि चहाला जायचं. त्यातलं एकही नाव कुणी वाचलेलं नसतं. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रामरने वैतागून एनपीएमवरून आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' होतं, जेमतेम ११ ओळींचं. तेवढ्याने बॅबेलसारख्या प्रोजेक्ट्सची बिल्ड्स कोसळली. आपण या ११ ओळींवर उभे आहोत हे कित्येकांना त्या दिवशी कळलं.

'मग एक्सझेडचं काय?' विचारा, जरूर विचारा. आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं, त्याने माग काढला आणि मार्च २०२४मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतलं चोरदार उघड झालं. डेबियनच्या स्टेबलमध्ये ते गेलं नाही, पण अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोचलं होतं. नियम असूनही. पण ते शिरलं कुठून? चोरदार चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होता. उरलेला माल टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत. आणि ती स्क्रिप्ट आधी तपासायची की आपल्याला डेबियनचं किंवा आरपीएमचं पॅकेज म्हणून बिल्ड करतायत का. बिल्ड ही किती मोक्याची जागा आहे हे चोराला पक्कं ठाऊक होतं. यावरून नियम सैल करावा असं ज्यांना वाटतं, ते घरी चोरी झाल्यावर कुलूपच काढून टाकत असावेत. मी तर म्हणतो, टारबॉल गिटशी ताडून बघणंही सक्तीचं करा.

एक तक्रार मात्र खरी आहे. छोट्याशा लायब्ररीसाठी डॉक्सिजन आणि त्यामागून लाटेकचं अख्खं बिऱ्हाड येतं. पण यावर इलाज आहे, तो वापरायचा आळस आहे. डॉक्युमेंटेशनचं वेगळं पॅकेज असेल तर त्याची टूल्स 'बिल्ड-डिपेंड्स-इंडेप'मध्ये टाका, फक्त टेस्टला लागणाऱ्या नावांपुढे 'नोचेक'ची खूण करा. दहा मिनिटांचं काम.

या दहा मिनिटांची किंमत कळते ती नवं आर्किटेक्चर उभं करताना. २०२३मध्ये रिस्क-फाइव्ह डेबियनमध्ये अधिकृत झालं. अशा मशीनवर सुरुवातीला काहीच नसतं. अ बिल्ड करायला ब हवं, ब बिल्ड करायला अ हवं. रस्टच्या कंपायलरला तर रस्टचाच कंपायलर लागतो. हे चक्र कुठे तोडायचं ते शोधणाऱ्याच्या हातात आपण लिहिलेली ती यादीच असते. टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन वगळता येतात हे तिच्यात दिसलं, तर निम्मी चक्रं तिथेच सुटतात. नाही दिसलं, तर कुणीतरी अनोळखी माणूस त्याच्या रविवारी आपला आळस निस्तरत बसतो, तोही फुकट.