पिण्याच्या पाण्याचा वांटा आधीं

टंचाईच्या वर्षीं चैत्र उजाडला कीं पारोळा तालुक्यांतील गांवोगांवच्या पंचायती टँकरसाठीं अर्ज करण्याच्या लगबगीस लागतात. बोरी नदीचें पात्र तोंपर्यंत कोरडें पडलेलें असतें, विहिरींनीं तळ गांठलेला असतो, आणि तळाचें जें गढूळ पाणी हंड्यांत येतें त्यानें लहान मुलांस हगवण लागते. दोष पावसाचा आहे हें खरें. परंतु सर्वच पावसाचा नव्हे. गांवच्या विहिरीलगत बोअर घेऊन ज्यानें उन्हाळी पीक काढलें त्याचाही त्यांत वांटा आहे, आणि तो बहुधा आपणां शेतकऱ्यांपैकींच कोणी असतो.

हें बोलणें कित्येकांस अप्रिय वाटेल. पण आपल्याच खानदेशांतील जुनी रीत पाहावी. पांझरेच्या खोऱ्यांत फडपद्धति शेंकडों वर्षें चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे, कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें तें दरवर्षीं सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, आणि पाणी मालकानें न देतां पाटकऱ्यानें द्यावयाचें. पाणी कमी दिसलें कीं भिजवावयाचें क्षेत्रच कमी करीत. त्याची तोशीस लहानमोठ्या सर्वांसच लागे, कारण बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडांत असे.

बंधाऱ्याचें पाणी डोळ्यांस दिसे म्हणून तें जमलें, असें कोणी म्हणेल. भूगर्भांतील पाणी दिसत नाहीं, ही अडचण खरीच. तथापि अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें १९९० नंतरच्या काळांत तिच्यावरही उपाय काढला: पाऊस मोजून ग्रामसभेंत पाण्याचा जमाखर्च मांडावयाचा, माणसांचें व गुरांचें पाणी आधीं बाजूस काढावयाचें, उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं, शिवाय शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खोदण्यास मनाई करणारा कायदा तर १९९३ सालींच झाला. पण भाऊबंदाविरुद्ध कचेरींत जाणार कोण?

म्हणून आमची सूचना अशी: आश्विनांत, रब्बीची पेरणी होण्यापूर्वीं, ग्रामसभा भरवावी, पिण्याच्या विहिरीचें पाणी दोरीनें मोजून तो आंकडा सर्वांसमक्ष सांगावा, आणि तिच्या आसपासच्या कोणत्या बोअरवरील मोटारी फाल्गुनापासून बंद राहतील तें तेव्हांच ठरवावें. फाल्गुनांत ठरविणें निरुपयोगी, कारण तोंवर पीक उभें असतें. ज्यास यामुळें उन्हाळी पीक सोडावें लागेल त्यास गांवानें कांहीं भरपाई द्यावी, आणि ती रक्कम टँकरच्या खर्चाशीं एकदां ताडून पाहावी.