रातपाळीची गुंगी हा कामगाराचा गुन्हा नव्हे

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याला तेव्हापासून रात्र माहीत नाही. कोक भट्टी थंड पडू दिली तर तिच्या विटाच तडकतात. साहजिकच सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा या चक्रात माणसाला फिरावे लागते. रातपाळीच नको, ही आपली मागणी नाही. तसे म्हणणे म्हणजे पोलादच नको म्हणणे होय. प्रश्न आहे तो या चक्राची किंमत कोणी मोजायची हा.

पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली उतरते आणि नजर मंदावते. ही निसर्गाची रीत आहे, आळस नव्हे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. आता हिशेब करा. सकाळी सातला उठलेला कामगार दुपारी डोळा न लागता रात्री दहाला कामावर आला, तर मध्यरात्रीच त्याचे १७ तास भरतात. पाळीचे सहा तास अजून उरलेलेच असतात. दारू प्यालेल्याला फाटकावरून परत पाठवतात, याला मात्र क्रेनवर चढवतात! आणि मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, दुपारी डोळा लागावा तरी कसा?

पोलाद कारखान्यात या गुंगीला आणखी एक भयंकर जोड असते. झोतभट्टीच्या वायूत सुमारे पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोके जड होणे, थकवा, सुस्ती. जागरणाचीही हीच लक्षणे. 'झोप येतेय' असे समजून बसलेला माणूस पुन्हा उठेलच याची खात्री नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाईत याच वायूने सहा जणांचा बळी घेतला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ती दुर्घटना संध्याकाळची होती, तेव्हा तिचे खापर रातपाळीवर फोडता येणार नाही. परंतु ताज्यातवान्या माणसांनाही जो वायू चाहूल लागू देत नाही, तो पेंगुळलेल्याला काय लागू देणार?

भोपाळची १९८४ सालची दुर्घटना मध्यरात्रीनंतरची. म्हणून कोणी झोपाळू कामगारांकडे बोट दाखवील तर त्याला सांगावे की, युनियन कार्बाइडने काटकसरीसाठी रातपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागाच रद्द केली होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. विश्रांती ही दया नसून हक्क आहे, हे तेव्हाच ठरले. १९४८च्या कारखाना कायद्याने रातपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासून सलग २४ तास मोजावी असे घातले आणि २०२०च्या संहितेनेही ते ठेवले. परंतु पाळ्या कोणत्या दिशेने फिरवाव्यात याविषयी कायदा मूक आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम शरीराला सोसतो. उलटा क्रम झोप तोडतो. हा बदल करायला पैसा लागत नाही. पाळीपत्रकाची चर्चा वाटाघाटीच्या टेबलावर आली पाहिजे, आणि ती आणण्यात आपल्या संघटनाही कमी पडल्या आहेत. वेतनकराराचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात, पाळीपत्रक नाही.

साथींनी आपल्यापुरते करण्यासारखेही थोडे आहे: चहा पाळीच्या पूर्वार्धातच घ्यावा, घरी परतताच खिडकीला जाड पडदा लावून झोपावे, मधल्या सुट्टीत वीस मिनिटे डोळे मिटावेत. अर्थात डोळे मिटायला सुरक्षित खोली हवी. ती व्यवस्थापनाने द्यायची.

हे सारे कायम कामगाराचे झाले. कंत्राटी कामगाराला बदली न आल्यास 'आणखी एक पाळी मार' असे सांगितले जाते आणि मजुरी बुडण्याच्या धास्तीने तो नाही म्हणत नाही. सोळा तासांनंतर वायूच्या नळीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाच्या खिशात वायुसूचक यंत्र आहे की नाही, हे आधी पाहा.