पगाराची स्लिप आणि कोयता

शेजारच्या डेस्कवर तुमचंच काम करणाऱ्या मुलीला पगार किती, माहीत आहे? नाही ना! ऑफर लेटरमध्येच लिहिलेलं असतं, पगार गोपनीय ठेवा म्हणून. आणि आपणही शहाण्यासारखे ठेवतो. समान कामाला समान पगार हा हक्क कायद्यात कितीही पक्का असू दे, दोन आकडे शेजारी ठेवता येत नसतील तर तो मागायचा कसा?

ऑड्री डिकोस्टा यांची केस बघा. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. १९७७मध्ये नोकरी गेली. पुरुष स्टेनोंना जास्त पगार होता म्हणून त्यांनी १९७६च्या समान वेतन कायद्याखाली दावा लावला. पहिल्या अधिकाऱ्याने तो फेटाळला. अपिलात जिंकल्या, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट. निकाल २६ मार्च १९८७चा. कंपनी म्हणाली युनियनशी करार झालाय, बायकांचं काम वेगळं आहे, शिवाय कंपनीची परिस्थितीही नाही. कोर्टाने काहीच ऐकलं नाही. हाती आले ते फरकाचे सात हजार आणि वर थोडे, दहा वर्षांनी! पण पगार ठरवायची रीत त्या करारात पांढऱ्यावर काळं लिहिलेली होती, म्हणून फरक दाखवता तरी आला.

आता आमच्याकडे या. मी उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा, कळंबकडचा. दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, आणि नवरा-बायको मिळून होतो एक 'कोयता'. दोघं तोडतात, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं बरंचसं तिच्याकडे. २०२४च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही टनावर. पैसे नवऱ्याच्या हातात. तिची मजुरी किती? तसा आकडाच नाही. गंमत म्हणजे ती आजारी पडून खाडा झाला तर मुकादम दंड बरोबर कापतो. कापायच्या वेळी तिची किंमत कळते, द्यायच्या वेळी नाही.

१९७६चा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू झाली, स्त्री-पुरुष भेदाची बंदी आता तिच्यात आहे. सॉफ्टवेअरवाला 'कामगार' धरायचा का, ही जुनी कटकट वेतनाच्या दाव्यात उरलेली नाही. मॅनेजरसुद्धा 'कर्मचारी' आहे. दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. आणि सगळ्यात भारी कलम म्हणजे, पैसे दिले हे सिद्ध करायचं ते मालकाने.

पण मुकादम काय दाखवणार? नवऱ्याच्या अंगठ्याची चिठ्ठी. तिचं नावच नाही, तर तिचे पैसे बुडाले हे दिसणार कुठे? साखर कारखान्यात प्रत्येक गाडीचं वजन होतं, कॉम्प्युटरची पावती निघते. त्या पावतीवर कोयत्याऐवजी दोन नावं आणि पुढे दोन बँक खाती, एवढं करायला कुठला नवा कायदा लागत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबलात एक कॉलम वाढवायचाय. इतकी वर्षं का वाढला नाही, हे कारखान्याच्या संचालकांना विचारा.

असो. आपल्याकडे तर स्लिप दर महिन्याला ईमेलने येते. अप्रेझलच्या आधी टीममधल्या चार जणांनी चहाला बसून आकडे सांगायला काय हरकत आहे? मी परवा माझा सांगून टाकला. एकीने लगेच तिचा सांगितला. बाकीचे दोघं अजून विचार करतायत.