अकराची गोळी अकरालाच

ह्यांना पार्किन्सन होऊन अकरा वर्षं झाली. सात, अकरा, तीन, सात असे चार गजर आमच्या घरी रोज वाजतात. साडेदहाला हे खुर्चीत आखडून बसलेले असतात, शर्टाचं बटणसुद्धा मी लावायचं. अकराला गोळी घेतली की पाऊण तासाने तेच हात मटार सोलतात. एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं खोलणारे हात आहेत ते. गोळीतलं लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतं, अन् ते संपलं की शरीर थांबतं. आमटी, दूध गोळीच्या जवळपास चालत नाही, कारण प्रथिनांमुळे ती नीट लागत नाही. हे गणित आम्ही जमवलं, आणि त्यामुळेच घरात दिवस बरे जातात.

गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ह्यांना दाखल केलं आणि गणित कोलमडलं. घरच्या गोळ्या वॉर्डात जमा करून घेतल्या. अकराची गोळी आली पाऊण वाजता. तोवर ह्यांना कूस बदलता येईना, आवाज फुटेना, पाणी गिळता येईना. राउंडवर आलेले तरुण डॉक्टर म्हणाले, "आजोबा सहकार्य करत नाहीत." हे सगळं ऐकत होते, बोलता येत नव्हतं एवढंच. डोळ्यांतून पाणी आलेलं मी पुसलं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड लिहिलं होतं. ते डोपामिनचाच मार्ग अडवतं, म्हणून पार्किन्सनमध्ये टाळतात. आमच्या न्यूरोलॉजिस्टांना फोन लावून मी ते थांबवलं. ज्यांच्याजवळ असा नंबर नसतो, त्यांचं काय होत असेल?

२०१६च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सनही आहे. दाखल्याच्या तपासणीला गेलो तेव्हा मात्र गोळी लागलेली होती आणि हे तुरुतुरु चालले! दिवसाचा कुठला तास पाहिला त्यावर माणूस अपंग ठरावा, हे मला पटत नाही.

पुष्कळदा उपाय अगदी साधा असतो. सपाट फरशीवर ह्यांचे पाय जमिनीला चिकटतात, जिन्यावर मात्र चालतात. डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी पुण्यातल्या आपल्या काकांचं हेच पाहिलं आणि फरशीवर जिन्याचा भास होईल असं चित्र केलं. काका त्यावरून चालत गेले. मी न्हाणीघरासमोर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. पाऊल उचलतं.

वॉर्डातला उपायही इतकाच साधा आहे. ब्रिटनमध्ये ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासात ही गोळी मिळावी असा दंडक आहे, आणि तिथली पार्किन्सन्स यूके ही संस्था त्यासाठी मोहीम चालवते. आपल्याकडे रुग्णालयांनी निदान गोळ्या रुग्णाच्या उशाशी राहू द्याव्यात आणि देण्याची जबाबदारी घरच्यांकडे सोपवावी. त्याला ना इमारत लागते, ना निधी.

तुमच्याकडचं कुणी दाखल होणार असेल तर गोळ्यांच्या वेळा लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहा, तो कागद केसपेपरच्या वरच लावा आणि पाळी बदलली की नव्या सिस्टरना पुन्हा सांगा.