पाडव्याची ओवाळणी

फेब्रुवारीचा मध्य जवळ आला की 'प्रेमाचा असा वेगळा दिवस आपल्या संस्कृतीत नाही' हे वाक्य दोन्ही बाजूंकडून ऐकू येते. व्हॅलेंटाइन दिनाचे समर्थक ते खंतावून म्हणतात, विरोधक अभिमानाने. आम्हां भावंडांना दोघांचेही नवल वाटत आले आहे. आमच्या घरी हा दिवस दरवर्षी कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, दिवाळीच्या पाडव्याला येत असे.

बलिप्रतिपदा, व्यापाऱ्यांचे नवे वर्ष, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, हे सारे खरेच. पण आमच्या लेखी पाडवा म्हणजे आईने अण्णांना ओवाळण्याची संध्याकाळ. एरवी दोघे आमच्यादेखत बोलत ते बहुधा वाण्याच्या यादीविषयी. त्या संध्याकाळी मात्र अण्णा ठेवणीतला सदरा आणि टोपी घालून पाटावर बसत, आणि आई तबक घेऊन समोर येई. कुंकू, अक्षता, मग सुपारी आणि अंगठी, शेवटी निरांजन. ती ओवाळत असताना अण्णा तिच्याकडे एकटक पाहत, आणि लाजल्यासारखे आम्हांलाच होई. ओवाळणी ठरलेली: अकरा रुपये. महागाई वाढली, अण्णांचा पगार वाढला, अकराचे बारा झाले नाहीत. आईने ते पैसे कधी खर्चलेही नाहीत.

पाडव्याच्या आठवणी बहुधा इथे थांबतात. आमच्या थांबत नाहीत.

अण्णा २००९ साली गेले. त्या वर्षी सण नव्हताच. पुढच्या पाडव्याला पाट मांडले गेले, सुनांनी तबके सजवली, आणि आई न बोलता स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिला कोणी जा म्हटले नव्हते. थांब, असेही कोणी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, तिने मामाला ओवाळले. त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. तबक तेच, हात तेच! भावावरचे प्रेम बाईने जन्मभर साजरे करावे, नवऱ्यावरचे मात्र तो असेतोवर. आमची समजूत अशी की पाडव्याला आपण ओवाळतो ते पतीच्या आयुष्याला. प्रेम त्यासोबत आले तर आले. म्हणून मागण्यासारखे आयुष्य उरले नाही की मागणारीची जागाही जाते. व्हॅलेंटाइन दिनाला नाके मुरडणाऱ्यांनी याचाही विचार करावा. त्या दिवशी निदान विधवेला फूल घ्यायला मज्जाव नसतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे यांविरुद्ध ठराव करता येतो. आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसण्याविरुद्ध कोणी, कसा करायचा?

त्या दिवाळीत आम्ही आईला पाटावर बसायला सांगितले. वाद झाला. धाकट्याचे म्हणणे, तिला नको असेल तर हा आग्रह आपल्याच समाधानासाठी. ते अगदीच चूक नव्हते. अखेर ती बसली. कुंकू लावू दिले नाही, अक्षता तेवढ्या लावू दिल्या. तबक थोरल्याने हाती घेतले. जन्मात कोणाला ओवाळलेले नाही, त्यामुळे निरांजन विझते की काय अशी स्थिती.

"अरे, उलटे ओवाळतोयस," आई म्हणाली.

त्याने हात सुलट फिरवला. ओवाळून झाल्यावर तिने कमरेची पिशवी सोडली आणि तबकात ओवाळणी ठेवली: दहाची मऊ पडलेली जुनी नोट आणि एक रुपयाचे नाणे.