बैलाचे दात मोजणारे आपण, गाडीपुढे मुके का?



कापसाचा चुकारा हाती पडला की जुन्या गाड्यांच्या दलालाकडे आपली पावले वळतात. बैल घेताना आपण दात मोजतो, जुंपून पाहतो. ज्वारीचे बी पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजतो. तीन-चार लाखांची गाडी मात्र रंगाची चकाकी आणि दलालाची शपथ पाहून घेतो. हा अडाणीपणा नव्हे, भिडस्तपणा आहे. दलालाचे दुकान त्याच भिडेवर चालते.

उदाहरण रेनो डस्टरचे घ्या. 2012 साली ती इथे आली. उंच, खड्ड्यांना न डरणारी. गाडी वाईट नाही. पण डिझेल डस्टर 2020 मध्ये बंद झाली. म्हणजे आज बाजारात दिसणारी प्रत्येक जुनी डिझेल डस्टर पाच वर्षांच्या पुढची आहे. दलाल म्हणतो, "फक्त साठ हजार किलोमीटर चाललीय." या इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबराचा असतो. रबर चालण्याने झिजते तसे वयानेही कुजते. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावे लागते. बेल्ट कधी बदलला याचे बिल मागा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून कापा. आणि मीटर मागे फिरवता येते, हे विसरू नका.

गाडी पाहायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याचा संशय धरा. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडले नाही तर क्लच घसरतो आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. शेवटी आपला मिस्त्री आणा, दलालाचा नव्हे, आणि गाडी उचलून खालून पाहा.

आता कागद. सातबाऱ्यावर बोजा पाहतो तसा आरसीवर बँकेचा बोजा पाहा. फेरफार झाल्याशिवाय जमीन आपली म्हणत नाही, तशी नाव चढल्याशिवाय गाडीही म्हणू नका. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करा. जुनी गाडी विकणाऱ्यांनीही ऐकावे: आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले आहे. आणि डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलेला 18 टक्के कर दलालाच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. कोणी पूर्ण किमतीवर मागितला तर हिशेब लिहून मागा.

कोणी म्हणेल, गाडीची हौस शेतकऱ्याने करूच नये काय? जरूर करावी. रात्री दवाखाना गाठायला गाडी लागते, ती चैन नव्हे. पण गॅरेजात गेलेला पैसा पुढच्या पेरणीचा असतो. बियाणे-खताला मग सावकाराचे दार उरते.

म्हणून ठरवा: गावात कोणी जुनी गाडी घेणार असेल तर एकट्याने जायचे नाही. चार माणसे आणि एक मिस्त्री बरोबर न्या. बैलबाजारात आपण एकटे जातो का?