चष्म्याचा नंबर तपासला, पडदा राहिला

घरात अम्मीला किंवा अब्बूंना एकदा विचारून पाहा, "डोळे तपासले का?" बहुतेक वेळा उत्तर येईल, "हो, मागच्याच महिन्यात. नवा नंबर लागला." शुगरची गोळी दहा वर्षांपासून चालू आहे, चष्मा नवा आहे, तक्त्यावरची अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतात. पण डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, या सगळ्यात कोणी पाहिलेलाच नसतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपू लागते. पुढच्या टप्प्यात नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यासमोर अचानक काळे जाळे येते. यालाच डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. हा आजार बराच पुढे जाईपर्यंत डोळा दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडत नाही. त्यामुळे "त्रास झाला की दाखवू" हा आपला नेहमीचा हिशेब इथे फसतो. लेसर, डोळ्यात द्यायचे इंजेक्शन, शस्त्रक्रिया असे उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. मात्र ते मुख्यतः उरलेली नजर वाचवतात. गेलेली नजर पूर्ण परत येणे कठीणच.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्के लोकांच्या पडद्यावर हा आजार आढळला. त्याच सर्वेक्षणात असेही दिसले, की दहापैकी नऊ मधुमेहींनी पडद्याची तपासणी कधीच केलेली नव्हती.

या आकड्यांवर भाषणे करणारे "समाजात जागृती नाही" म्हणून मोकळे होतात. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. तपासणीच्या दिवशी काय होते ते पाहा. बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, अर्धा-पाऊण तास बसवून ठेवतात, मग डॉक्टर पडदा पाहतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. गाडी चालवता येत नाही. म्हणजे सोबत कोणीतरी हवे. मालेगाव किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या चाचांचा त्या दिवशीचा रोज बुडतो आणि त्यांना घेऊन जाणाऱ्याचाही. रिक्षा चालवणाऱ्याची तीच गत. अम्मीचे तर विचारूच नका. त्यांना एकटीने सिव्हिलला जायची सवय नाही आणि मुलाला सुट्टी नाही. शिवाय त्यांच्या आजाराचा नंबर घरात सगळ्यांच्या नंतर लागतो. "बेटा, पुढच्या महिन्यात जाऊ" असे त्या म्हणतात आणि आपणही ते लगेच मान्य करतो.

रमजानचाही एक अडसर आहे. थेंब टाकले तर रोजा तुटेल या भीतीने महिनाभर तपासणी आणि औषध दोन्ही टाळले जाते. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ सालीच डोळ्यातल्या थेंबांना रोजा तोडणाऱ्या गोष्टींतून वगळले आहे. घशात उतरलेले औषध गिळू नये एवढीच अट आहे. तरीही मनात शंका राहिली तर आपल्या मौलानांना विचारावे; थेंब मात्र परस्पर बंद करू नयेत.

आता थोडे आपल्याविषयी. ईद-ए-मिलादला आपण रक्तदान आणि शुगर तपासणीची शिबिरे घेतो. बोटाला सुई टोचली जाते, चिठ्ठीवर आकडा लिहिला जातो, मंचावर पाहुण्यांचे फोटो निघतात. पडद्याचा फोटो मात्र निघत नाही. फंडस कॅमेऱ्याने तो काही मिनिटांत निघतो, अनेकदा थेंबांशिवायही. असा कॅमेरा शिबिरात आणता येईल का, हे जवळच्या नेत्र रुग्णालयाला विचारायला काय हरकत आहे? आणि ज्यांची शुगर जास्त निघाली त्यांना महिन्याभराने फोन कोण करणार, हे शिबिराआधीच ठरवायला हवे. इंग्लंडमध्ये १२ वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेहीला पडद्याच्या तपासणीसाठी नावानिशी बोलावणे जाते. तिथे आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांना अंधत्व येण्याचे पहिले कारण निदान पन्नास वर्षे मधुमेह हेच होते. २००९-१० च्या नोंदींत ते पहिल्या क्रमांकावरून खाली आले. यात या बोलावण्याचा वाटा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

आपल्याकडे असे पत्र येत नाही. तोवर ते काम घरातल्या मुलाने किंवा मुलीने करायचे आहे. टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी पडदा तपासायचा असतो. आधीपासून मधुमेह असलेल्या बाजीला दिवस गेले असतील, तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी हवी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग असतो. खिडकीवर नुसते "डोळे दाखवायचेत" म्हणू नका, नाहीतर पुन्हा चष्म्याच्या नंबरावर भागवले जाईल. "शुगर आहे, थेंब टाकून पडदा तपासायचा आहे" असे स्पष्ट सांगा. शुगरचे जुने रिपोर्ट बरोबर घ्या, परतताना उन्हासाठी काळा चष्मा आणि अम्मीचा हात धरायला तुम्ही स्वतः.